होडी स्थिर, बेटे चालती : पॉलिनेशियन दर्यावर्दींविषयीच्या वादाचा आढावा

प्रश्न

हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई (नकाशावरचे ईस्टर आयलंड) ही तीन टोके जोडली की प्रशांत महासागरात एक अवाढव्य त्रिकोण उभा राहतो. न्यूझीलंड वगळले तर त्याच्या पोटातल्या सगळ्या बेटांची मिळून जमीन पाण्याच्या मानाने नगण्य आहे. तरीही युरोपीय जहाजे तिथे पोचली तेव्हा राहण्याजोग्या जवळपास प्रत्येक बेटावर माणसे तरी होती, नाहीतर पूर्वी राहून गेलेल्यांच्या खुणा तरी. शिवाय हजारो किलोमीटर दूर असलेल्या या माणसांच्या बोली एकाच कुळातल्या होत्या. माओरी होडीला ‘वाका’ म्हणतात, ताहितीत ती ‘वाआ’ होते. आकाश न्यूझीलंडमध्ये ‘रांगी’ तर हवाईत ‘लानी’. जेम्स कुक १७६९ साली ताहितीहून निघाले तेव्हा राइआतेआ बेटाचे तुपाया त्यांच्या ‘एंडेव्हर’ जहाजावर चढले. पुढे न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर कुक यांचे बोलणे कोणाला कळेना, तुपायांचे मात्र माओरींना समजले. धातू नाही, होकायंत्र नाही, कागदावरचा नकाशा नाही, आणि तरी एकच समाज पृथ्वीच्या एवढ्या मोठ्या भागावर पसरलेला. हे झाले कसे, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत चर्चेत आहे.

या चर्चेला बहुधा ‘त्यांना जमत होते का’ असे रूप दिले जाते. तो प्रश्न आता बराचसा निकालात निघाला आहे. मिटलेला नाही तो साक्षीपुराव्याचा प्रश्न. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली कथा, आज समुद्रात होडी हाकणारा नाविक, जमिनीत गाडलेला अवशेष आणि माणसाच्या पेशींतला वंशवारसा, हे सगळेच साक्षीदार म्हणून उभे केले गेले. या दोनशे-अडीचशे वर्षांत बहुतेक घोटाळे झाले ते एका साक्षीदाराला दुसऱ्याचा प्रश्न विचारल्यामुळे. खालचा आढावा हेच सूत्र धरून घेतला आहे.

कथेपासून इतिहासापर्यंत

या वादाच्या दोन्ही बाजू कुक यांना आपला पूर्वज मानू शकतात. तुपायांनी त्यांना सत्तरहून अधिक बेटांची नावे सांगितली; त्यांवरून जहाजावर एक नकाशा तयार झाला. वर्षातले काही महिने, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, नेहमीचे पूर्वेचे वारे पडतात आणि पश्चिमेचे वारे सुटतात, हेही तुपायांनीच सांगितले. वाऱ्याविरुद्ध पूर्वेकडे माणसे गेली कशी, या कोड्याचे उत्तर त्यात होते. पण १७७७ साली आपल्या तिसऱ्या सफरीत कुक यांना अतिउ बेटावर काही ताहितीकर भेटले. जवळच्या राइआतेआला जायला निघालेली त्यांची होडी वादळात सापडून शेकडो मैल भरकटली होती आणि तिच्यातले मोजकेच लोक वाचले होते. बेटांवर वस्ती कशी झाली असेल याचा असा प्रसंग हाच खुलासा असावा, असे मग कुक यांनाही वाटले. ठरवून आलेले आणि वाहत आलेले, अशा दोन्ही तर्कांची बीजे ही अशी एकाच माणसाच्या रोजनिशीत पडली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पारडे कथेच्या बाजूला झुकले. न्यूझीलंडचे सर्वेक्षण अधिकारी पर्सी स्मिथ यांनी १८९२ मध्ये पॉलिनेशियन सोसायटीच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि माओरी वंशावळी व प्रवासकथा गोळा केल्या. पिढ्या मोजून, दर पिढीला ठरावीक वर्षे धरून त्यांनी सरासरी काढली. त्यातून दहाव्या शतकात कुपे नावाच्या दर्यावर्दीने न्यूझीलंड शोधले आणि इ. स. १३५० च्या सुमारास एक ‘महाताफा’ एकत्र निघून तिथे वसला, अशी ठाकठीक कहाणी उभी राहिली. ती दोन-तीन पिढ्या शाळेच्या पुस्तकांतून शिकवली गेली. स्वतः माओरी वंशाचे असलेले मानववंशशास्त्रज्ञ ते रांगी हिरोआ (पीटर बक) यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात पॉलिनेशियनांना सूर्योदयाच्या दिशेचे व्हायकिंग म्हणून गौरवले. १९७६ मध्ये डेव्हिड सिमन्स यांनी मूळ हस्तलिखिते तपासून दाखवले की एकसंध ताफ्याची ही गोष्ट निरनिराळ्या जमातींच्या निरनिराळ्या कथा जोडून, कापून आणि सांधे लपवून तयार झाली होती. त्यानंतर कथांची साक्षच बाद, असा सोयीचा निष्कर्ष बऱ्याच जणांनी काढला. तो न्याय्य नव्हता. शिवण उसवली ती स्मिथ यांची. कापड माओरींचे होते. पुढे रेडिओकार्बन पद्धतीने न्यूझीलंडमधल्या पहिल्या वस्तीचा काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपास आला, तेव्हा वंशावळींतल्या पिढ्यांची संख्या त्याच्याशी फारशी विसंगत नाही, हे ध्यानात आले.

उलट दिशेने आलेला तराफा, आणि शार्प यांचा आक्षेप

१९४७ साली थॉर हेयरदाल यांनी बाल्सा लाकडाचा ‘कॉन-टिकी’ तराफा पेरूच्या कायाओ बंदरातून सोडला आणि १०१ दिवसांनी तो तुआमोतू द्वीपसमूहातल्या रारोइआच्या प्रवाळखडकांवर आदळला. वारे आणि प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, म्हणून वस्तीही दक्षिण अमेरिकेतूनच आली असणार, हा त्यांचा दावा. साहस म्हणून जगाने त्याला डोक्यावर घेतले, अभ्यासकांनी मात्र तो स्वीकारला नाही. भाषा, कुत्रा-डुक्कर-कोंबडी हे प्राणी, अळू-केळी-फणसाची भावंडे, सारे काही आशियाकडे बोट दाखवत होते. शिवाय तराफा वाहून जाऊ शकतो एवढ्याने तो पूर्वी वाहून गेला होता हे सिद्ध होत नाही. ही शेवटची हरकत नोंदून ठेवण्यासारखी आहे, कारण तीस वर्षांनी दुसऱ्या बाजूच्या होडीवरही तीच घेतली गेली.

खरे आव्हान आले १९५६ मध्ये, न्यूझीलंडचे अँड्र्यू शार्प यांच्याकडून. त्यांच्या टीकाकारांनी त्यांचे म्हणणे बरेचदा विपर्यस्त करून मांडले, म्हणून ते नीट सांगायला हवे. सुमारे तीनशे मैलांपर्यंत ठरवून जाणे-येणे होत असे, हे शार्प मान्य करत होते. त्यापलीकडे मात्र होकायंत्र आणि रेखांश कळण्याचे साधन नसताना चुका साचत जाणार. आडवा प्रवाह होडीला ढकलत असेल तर तो होडीतल्या माणसाला दिसत नाही. आणि ढगांनी आकाश झाकले तर तारेही गेले. म्हणून दूरची बेटे वादळात भरकटलेल्यांनी किंवा भांडून देशोधडीला लागलेल्यांनी, परतीची आशा सोडून निघालेल्यांनी, योगायोगाने वसवली असावीत, असे त्यांचे मत. त्यांच्या युक्तिवादातला एक मुद्दा आजही तर्काला पक्का आहे: जे बेट अजून सापडलेलेच नाही तिकडे कोणी ‘मार्ग काढत’ जाऊ शकत नाही. बक यांच्या पिढीच्या गौरवगाथेवर हा थंड पाण्याचा शिडकावा आवश्यक होता, असे शार्प यांच्या निष्कर्षांशी असहमत असलेल्यांनीही पुढे मान्य केले. निष्कर्षाला मात्र मोठा धक्का बसला तो १९७३ मध्ये, आणि तोही कथेतून किंवा होडीतून नव्हे. लेव्हिसन, वॉर्ड आणि वेब यांनी वारे व प्रवाहांच्या नोंदी संगणकात भरून एक लाखाहून अधिक होड्या कागदोपत्री ‘वाहू’ दिल्या. बाहेरच्या बेटांवरून नुसत्या वाहत निघालेल्या होड्या हवाई, न्यूझीलंड किंवा रापा नुईला पोचण्याची शक्यता जवळजवळ शून्य निघाली. ठरावीक दिशा धरून हाकलेल्या होड्यांना मात्र बरेच मार्ग खुले होते. म्हणजे त्रिकोणाच्या तीन टोकांपर्यंत माणसे पोचली त्यात हेतू होता. कौशल्य किती होते, हे त्यावरून कळत नव्हते.

होडीतले ज्ञान

कौशल्याचा पत्ता ज्यांनी लावला ते थेट समुद्रावर गेले. टॉमस ग्लॅडविन यांनी मायक्रोनेशियातल्या पुलुवात बेटावर राहून १९७० मध्ये आपला ग्रंथ लिहिला. डॉक्टरी पेशातले, स्वतः सराईत खलाशी असलेले डेव्हिड लुईस यांनी १९६८-६९ मध्ये आपली बोट पुलुवातचे हिपूर आणि सोलोमन बेटांच्या टापूतल्या रीफ आयलंड्सचे तेवाके या दोघा नाविकांच्या हाती सोपवली, होकायंत्र-नकाशे दूर ठेवले आणि ते काय करतात ते टिपून घेतले. १९७२ मध्ये आलेले त्यांचे पुस्तक या विषयाचा कणा आहे. त्यातून दिसले ते कसलेही अतींद्रिय ज्ञान नव्हते. ती बारकाईने पाठ केलेली, परीक्षा घेऊन पुढच्या पिढीला दिलेली विद्या होती.

आकाशाचे उदाहरण घेऊ. क्षितिजावर प्रत्येक तारा रोज त्याच जागी उगवतो आणि त्याच जागी मावळतो. कॅरोलाइन बेटांवरचे नाविक अशा उदयास्तांच्या ३२ जागांचे वर्तुळ मनात धरतात. श्रवण नक्षत्राच्या मुख्य ताऱ्याचा उदय ही त्यातली मुख्य दिशा. एक तारा वर चढला की त्याच जागी उगवणारा दुसरा धरायचा, आणि अशी ताऱ्यांची माळ रात्रभर पुरते. किती अंतर कापले हे मोजण्यासाठी ‘एताक’ नावाची पद्धत आहे, आणि ती ऐकून आपली कल्पनाशक्ती थोडी गडबडते. नाविक मानतो की होडी जागेवर उभी आहे आणि बेटे चालत आहेत. मार्गाच्या बाजूला, नजरेआड असलेले एक तिसरे बेट खुणेचे म्हणून धरायचे. होडी पुढे जाते तसे ते बेट एका ताऱ्याखालून पुढच्या ताऱ्याखाली मागे सरकत जाते. जितके तारे सरकले तितके टप्पे झाले. धावत्या गाडीतून झाडे मागे पळताना आपण सगळेच पाहतो. इथे त्याच अनुभवाचे हिशेबात रूपांतर केले आहे. या पद्धतीत खुणेचे बेट प्रत्यक्ष असण्याचीही गरज नाही, असा काही संशोधकांचा अर्थ आहे. ते मोजमापाचे साधन आहे की नुसती माहिती मनात मांडून ठेवण्याची चौकट, यावर अजून एकमत नाही.

ढग आले तर लाटा. दूरच्या, स्थिर वाऱ्यांतून जन्मलेल्या लांब लाटा दिवसेंदिवस एकाच दिशेने येत राहतात. अशा दोन-तीन लाटांची सरमिसळ होडीच्या हेलकाव्यावरून ओळखायची असते, आणि ती डोळ्यांपेक्षा अंगाला आधी कळते. तेवाकेंनी तासन्‌तास अभ्राच्छादित आकाशाखाली नुसत्या लाटांवर होडी हाकल्याची नोंद लुईस यांनी केली आहे. साचलेल्या चुकांबद्दलच्या शार्प यांच्या आक्षेपाचे उत्तरही नाविकांकडे होते: बेट गाठण्यासाठी बेटावरच नेम धरावा लागत नाही. संध्याकाळी घरट्याकडे परतणारे पक्षी वीस-तीस मैलांच्या परिघात बेटाची वार्ता देतात. खाजणावरच्या ढगाच्या पोटाला हिरवट छटा येते. बेटामुळे लाटा मोडतात आणि वळतात. अशाने एक ठिपका पुष्कळ मोठा होतो, आणि द्वीपसमूह असेल तर या विस्तारलेल्या वर्तुळांची मिळून भिंतच तयार होते. तिच्यातून निसटणे कठीण.

अक्षांश ओळखण्यासाठी डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्याची खूण सांगितली जाते. हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटासाठी तो तारा स्वाती. मुंबईही साधारण त्याच अक्षांशावर असल्याने उन्हाळ्यात स्वाती आपल्याही थेट माथ्यावरून जाते. ज्याला पडताळून पाहायचे त्याने गच्चीवर जाऊन पाहावे. पण इथेच एक फट आहे. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे ताऱ्यांच्या जागा शतकांच्या हिशेबात सरकतात. आठशे वर्षांपूर्वी स्वाती आजच्यापेक्षा सुमारे चार अंश उत्तरेला होती, म्हणजे हवाईच्या मुख्य बेटांच्या माथ्यावरून ती जातच नव्हती, तर त्यांच्याही उत्तरेकडून जात होती. जुन्या नाविकांनी वेगळा तारा धरला असेल किंवा स्वाती माथ्याच्या किती अलीकडे-पलीकडे राहते हे पाहिले असेल. मुद्दा असा की आजच्या नाविकाची साक्ष विद्येच्या स्वरूपाबद्दल आहे. तेराव्या शतकात नेमके काय घडले याबद्दल ती थेट काही सांगू शकत नाही.

‘होकुलेआ’ आणि तिच्यावरचे आक्षेप

हवाईत १९७३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ बेन फिनी, चित्रकार हर्ब काने आणि टॉमी होम्स यांनी पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी स्थापन केली. १९७५ मध्ये ‘होकुलेआ’ ही जोडहोडी पाण्यात उतरली. नावाचा अर्थ आनंदाचा तारा, म्हणजे तीच स्वाती. १ मे १९७६ रोजी ती माउई बेटावरून निघाली आणि महिनाभराने, एकही उपकरण न वापरता, चार हजार किलोमीटरहून दूरच्या ताहितीला पोचली. पापीतेच्या धक्क्यावर हजारोंचा जमाव लोटला होता. होडी ज्यांनी नेली ते मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माउ पियाइलुग. हवाईत ही विद्या जाणणारा कोणी उरला नव्हता. १९७८ च्या दुसऱ्या प्रयत्नात होडी मोलोकाईच्या सामुद्रधुनीत उलटली आणि मदत आणायला लाटाफळीवर निघालेले एडी आइकाउ परतले नाहीत. १९८० मध्ये नाइनोआ थॉम्पसन या तरुण हवाईयन नाविकाने ताहितीची जा-ये पूर्ण केली. १९८५ ते १९८७ च्या सफरीत होडी न्यूझीलंडपर्यंत गेली, आणि परतताना सामोआपासून पूर्वेकडचा टप्पा पश्चिमेचे वारे सुटण्याची वाट पाहून पार केला गेला. तुपायांनी कुक यांना सांगितले होते ते हेच.

आक्षेप गंभीर आहेत आणि ते टाळता येत नाहीत. होडी प्लायवूड व फायबरग्लासची होती. नाविक पॉलिनेशियाचा नव्हता. आणि सर्वांत महत्त्वाचे, बेट कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होते. पहिल्या आक्षेपाला फिनी यांचे उत्तर असे की परीक्षा लाकडाची नव्हती, आकाराची आणि मार्ग काढण्याची होती. ते अर्धेच पटते, कारण वजन, पाणी मुरणे आणि शिडाची वीण यांवर होडीचा वेग ठरतो. अ‍ॅथॉल अँडरसन यांचा मुद्दा याहून खोल आहे. ‘होकुलेआ’चे शीड अठराव्या शतकातल्या चित्रांवरून घेतलेले, त्याआधी पाचशे-सहाशे वर्षे पूर्व पॉलिनेशियात असलेले शीड अधिक साधे असावे आणि त्याने वाऱ्याच्या तोंडावर जाणे जवळपास अशक्य असावे, असे ते म्हणतात. तसे असेल तर मोठ्या स्थलांतरांसाठी वारे उलटण्याच्या काळाची वाट पाहावी लागली असणार. जुन्या हवामानाचा अभ्यास करून बाराव्या-तेराव्या शतकात न्यूझीलंडकडे नेणारे अनुकूल वारे काही दशके अधिक वाहिल्याचे २०१४ मध्ये मांडले गेले, ते या तर्काला पूरक आहे. दुसऱ्या बाजूला जेफ्री अर्विन आहेत. १९९२ च्या ग्रंथात त्यांनी शार्प यांचे कोडेच उलटे करून दाखवले. न सापडलेल्या बेटाच्या शोधात निघणारा शहाणा खलाशी आधी वाऱ्याविरुद्ध जातो, कारण काही सापडले नाही तर वारा त्याला घरी परत आणतो. वाऱ्याविरुद्धचा समुद्र हा अडथळा नसून विम्यासारखा होता. शोध हा योगायोग असला तरी शोधायला निघणे योगायोग नसतो, हे त्यातून स्पष्ट झाले, आणि ‘वाहत की ठरवून’ ही जुनी विभागणी फारशी उपयोगाची राहिली नाही.

जमीन, दगड आणि वंश

वस्तीचा मूळ मार्ग आता जवळजवळ वादातीत आहे. न्यू कॅलेडोनियातल्या लापिता या जागी १९५२ मध्ये झालेल्या उत्खननात दातेरी ठशांची खापरे सापडली. त्याच घाटणीची खापरे सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी बिस्मार्क द्वीपसमूहात आणि २,८०० वर्षांपूर्वी टोंगामध्ये दिसतात. या लोकांचे भाषाकुल तैवानपर्यंत मागे जाते आणि मादागास्करपर्यंत पसरलेले आहे. उलांडीची, म्हणजे तोल सांभाळायला बाजूला आडवे लाकूड जोडलेली, होडी ही त्यांचीच खूण मानली जाते. कोकणच्या किनाऱ्यावरची उलांडी पाहून जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय होड्यांचे नाते थेट पॉलिनेशियाशी जोडले होते. आज कोणी इतकी लांब उडी मारत नाही, पण हिंदी महासागरात हा घाट आग्नेय आशियाकडून आला, असे सर्वसाधारण मत आहे. टोंगा-सामोआला पोचल्यावर मात्र प्रवास दीड-दोन हजार वर्षे थांबला. का, हे सांगणारे तर्क पुष्कळ आहेत: होडीचे तंत्र अपुरे होते, वारे प्रतिकूल होते, पुढची बेटे अजून पाण्यावर पुरती आली नव्हती. यांपैकी कोणताही एक पुरा पडत नाही.

विराम संपला कधी, हाही वाद चालू आहे. २०११ मध्ये विल्म्सहर्स्ट, हंट, लिपो आणि अँडरसन यांनी १,४०० हून अधिक रेडिओकार्बन काळमापने गाळून घेतली. जुन्या लाकडाच्या कोळशासारखे फसवे नमुने बाजूला ठेवल्यावर ताहितीचा परिसर इ. स. १०२५ ते ११२० दरम्यान आणि उरलेली सगळी टोके ११९० ते १२९० दरम्यान वसली, असे निघाले. तोवर पूर्व पॉलिनेशियातली वस्ती याहून कित्येक शतके जुनी मानली जात होती. पण २०२० मध्ये अतिउ बेटावरच्या तळ्याच्या गाळात माणसाच्या व डुकराच्या विष्ठेचे रासायनिक अंश इ. स. ९०० च्या सुमाराचे सापडल्याचे जाहीर झाले, आणि त्याच काळात पश्चिमेकडे दीर्घ अवर्षण होते असेही. दोन निष्कर्षांत शंभर-दोनशे वर्षांचे अंतर आहे. ते वाटते तितके किरकोळ नाही, कारण शंभर वर्षांत सगळा महासागर व्यापणारा समाज आणि हळूहळू चाचपडत जाणारा समाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या वस्तीनंतर ये-जा चालू राहिली का? तुआमोतूतल्या नापुका बेटावर मिळालेला एक दगडी वाकस रासायनिक तपासणीत हवाई द्वीपसमूहातल्या काहोओलावे बेटाच्या दगडाचा असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. शार्प यांच्या तीनशे मैलांच्या मर्यादेला एका दगडाने दिलेले हे उत्तर फार बोलके आहे. तरी एक दगड एका प्रवासाचीच ग्वाही देतो, नित्य वाहतुकीची नाही. न्यूझीलंडच्या अनावेका किनाऱ्यावर मिळालेला होडीचा सहा मीटरचा तुकडा असाच मोलाचा आहे. फटींत भरलेल्या सालीवरून ती होडी इ. स. १४०० च्या सुमारास वापरात होती. तिच्यावर कोरलेले समुद्री कासव ताहितीकडच्या कलेची आठवण देते, लाकूड मात्र स्थानिक आहे. प्राचीन जोडहोडीचे भाग इतके कमी सापडले आहेत की शिडांबद्दलचा अँडरसन यांचा तर्क पडताळायला हाती जवळपास काहीच नाही.

रताळ्याचा प्रश्न मात्र हेयरदाल यांना अंशतः न्याय देऊन गेला. हे अमेरिकेचे पीक कुक यांच्या आधीपासून पॉलिनेशियात होते आणि त्याचे ‘कुमारा’ हे नाव अँडीजकडच्या एका नावाशी जुळते. २०१८ मध्ये काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी रताळे माणसाच्या मदतीशिवाय फार पूर्वीच तिथे पोचले असल्याचे मांडले, पण त्यांच्या एकाच जुन्या नमुन्यावर भिस्त ठेवण्यावर टीका झाली. २०२० मध्ये सतरा बेटांवरच्या लोकांच्या जनुकांचा अभ्यास इ. स. १२०० च्या आसपास अमेरिकी आदिवासींशी संबंध आल्याचे सांगून गेला, आणि २०२४ मध्ये रापा नुईच्या जुन्या अवशेषांनी त्याला पाठबळ दिले. हेयरदाल यांची दिशा बहुतेक चुकली होती, संपर्क चुकला नव्हता. पॉलिनेशियन होडी अमेरिकेला जाऊन परतली की तिकडची माणसे इकडे आली, हे जनुके सांगत नाहीत. वंश कोणाचा कोणात मिसळला एवढे ती सांगतात. होडी कोणी हाकली ते त्यांना माहीत नसते.

परंपरा कोणाची

विद्या परत आली ती तशीच आली का, हा शेवटचा आणि सर्वांत नाजूक वाद. थॉम्पसन यांची तारामंडल-पद्धत माउंच्या शिकवणीइतकीच होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातल्या कृत्रिम तारांगणात घालवलेल्या रात्रींतून घडली आहे, आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. १९८९ मध्ये रॉजर कीसिंग यांनी लिहिले की प्रशांत महासागरातले आजचे राजकारण आपला गतकाळ स्वतः घडवते आहे. हवाईयन विचारवंत हौनानी-के ट्रास्क यांनी त्याला उत्तर दिले की काय खरे आणि काय घडवलेले हे ठरवण्याचा अधिकार बाहेरच्या अभ्यासकाने आपल्याकडे घ्यावा, हीच वसाहतीची सवय आहे. दोन्ही बाजू ऐकल्यावर वाटते ते असे: विद्या बदलली हा तिच्या खोटेपणाचा पुरावा होऊ शकत नाही, कारण जिवंत विद्या प्रत्येक पिढीत बदलते. पण ती बदलली आहे, म्हणूनच तिला प्राचीन काळाचा पुरावा म्हणून वापरताना जपायला हवे. माउंना खुद्द सातावालवर प्रश्न विचारले गेले होते, कारण त्यांनी घराण्यात गुप्त राखलेली विद्या परक्यांना दिली. आपल्याच बेटावरची मुले शिकायला तयार नाहीत, न सांगितली तर ती आपल्यासोबत मरेल, अशी त्यांची भीती होती. २००७ मध्ये त्यांनी सातावालवर थॉम्पसन यांच्यासह काही हवाईयन नाविकांना ‘प्वो’ ही नाविकदीक्षा दिली. २०१० मध्ये ते वारले.

मार्शल बेटांवर हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. तिथल्या काड्यांचे नकाशे जगप्रसिद्ध आहेत. ते किनाऱ्यावर शिकण्यासाठी असतात, होडीत नेत नाहीत. जर्मन आणि नंतर जपानी प्रशासनाने बेटाबेटांमधल्या लांब प्रवासांवर बंधने घातली. त्यानंतर १ मार्च १९५४ च्या अमेरिकी अणुचाचणीची राख रोंगेलाप बेटावर पडली, आणि तिथली शिकवणीची परंपरा माणसांसकट विस्थापित झाली. या शतकाच्या आरंभी कोरेंट जोएल या नाविकांनी पुढाकार घेऊन मानववंशशास्त्रज्ञ आणि समुद्रशास्त्रज्ञ यांना बोलावले आणि उरलेसुरले ज्ञान नोंदवायला घेतले. नाविक सांगतात की दोन बेटांमध्ये ‘दिलेप’ नावाची लाटांची एक वाट असते, पाठीच्या कण्यासारखी, आणि ती धरली की होडी आपोआप पोचते. लाटा मोजणाऱ्या तरंगत्या उपकरणांना आणि संगणकाच्या प्रारूपांना अशी वाट अजून सापडलेली नाही. होडीच्या हेलकाव्यात नाविक जे ओळखतो ते समुद्रात आहे, की समुद्र आणि होडी यांच्या भेटीत तयार होते, याचा शोध तिथे चालू आहे.